झाकली मूठ आणि उघडी विहीर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. घर पाहावे विकून, असे मात्र कोणी सांगितलेले नाही. त्यांच्या काळी राहते घर विकण्याचा प्रसंग क्वचितच येत असावा, आणि आला तरी त्याविषयी चारचौघांत बोलण्याची कोणाला हौस नसावी. आज आपल्यातील पुष्कळ कुटुंबांवर हा प्रसंग येतो. मुले पुण्या-मुंबईस नोकरीला लागतात, आईवडील मातीआड होतात, गावाकडच्या घराला कुलूप लागते आणि दोन-चार पावसाळे उलटले की भावंडांपैकी कोणीतरी तो विषय काढतो. आमच्याकडे तो मी काढला. त्या निमित्ताने एका प्रश्नाशी माझी गाठ पडली. विकायला काढलेले घर ठीकठाक करताना माणसाने कोठपर्यंत जावे आणि कोठे थांबावे? आयुष्यभर शाळेत मुलांना 'नेहमी खरे बोलावे' असे शिकवूनही या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही, हे आरंभीच कबूल करतो.

आमचा बुलढाणा जिल्हा बोलीत दोन भागांत वाटलेला आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि पूर्णेपलीकडचे जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा. आमचे घर घाटाखाली, शेगावच्या उत्तरेस पूर्णेच्या अंगाला. बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. पै पै साठवून त्यांनी १९६८ साली ते बांधले. पुढे छपरी, मग बैठक, मागे दोन खोल्या, न्हाणी आणि परसात विहीर. आसपास आपल्या लोकांची आठ-दहाच घरे. देऊळ दूर असल्याने महिन्यातून एकदा धर्मगुरू येत आणि आमच्या बैठकीतच मिस्सा होई. ज्या मेजावर आम्ही एरवी अभ्यास करायचो, त्याच्यावर आई पांढरे कापड अंथरायची. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती. तात्पर्य, त्या घराविषयी आम्हा भावंडांच्या मनात माया होती. परंतु माया ही जमीन बदलू शकत नाही.

त्या भागातील जमीन म्हणजे खोल काळी माती. कपाशीला ती आईसारखी, पण घराला सावत्र. पाण्याने ती फुगते आणि उन्हाने आक्रसते. वैशाखात शेतातून चालू लागले तर पायाखाली हात हात खोल भेगा पडलेल्या दिसतात. मृगाचे दोन पाऊस झाले की त्याच भेगा मिटून जातात. अशा मातीवर उथळ पायाचे घर बांधले तर ते दरवर्षी मातीबरोबर थोडे वर उचलले जाते आणि थोडे खाली बसते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेल्या खोल खांबांचा पाया विकसित केला. पण १९६८ साली आमच्या गावच्या मिस्त्रीला त्याची वार्ता कोठून असणार? आमच्या मागच्या भिंतीत जोत्यापासून खिडकीपर्यंत एक तिरपी भेग होती. उन्हाळ्यात तिच्यात बोट जाई. पावसाळ्यानंतर ती केसाएवढी होई.

विहिरीचीही तीच तऱ्हा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या टापूला खारपाणपट्टा म्हणतात. पावसाचे पाणी वर साठलेले असते तोवर आमच्या विहिरीचे पाणी पिता येई. होळी झाली की पाणी तळाला जाई, आणि जे उरे ते मचूळ, पुढे तर खारटच. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, चहात दूध घातले तर फाटे. मार्च ते जून आई आणि धाकटी बहीण दूरच्या नळावरून डोक्यावर पाणी आणीत. गावात आता नळयोजना आहे. परंतु आमच्या आळीला उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येईल, हे सांगता येत नाही.

घर विकायचे ठरले तेव्हा आम्ही गावातील एका जाणकार दलालाला बोलावले. गृहस्थ अनुभवी होते आणि वाईट मुळीच नव्हते. त्यांनी घर फिरून पाहिले आणि कामांची यादी सांगितली. माळ्यावरची अडगळ काढा. फुटलेली कवेलू बदला. न्हाणीचे तुंबलेले मोरीतोंड मोकळे करा. अंगणातील गाजरगवत उपटा. दारे-खिडक्यांना तेलरंग द्या. येथपर्यंत सगळे ठीक होते. मग ते मागच्या भिंतीपाशी आले. "ही भेग भरून घ्या, वरून पुट्टी मारा आणि रंगाचे दोन हात द्या. कोणाला कळणार नाही." विहिरीत डोकावून ते म्हणाले, "आणि हे बघा सर, गिऱ्हाईक दिवाळीच्या सुमारासच आणू. तेव्हा विहीर भरलेली असते, भिंतही मिटलेली असते. इसार संक्रांतीच्या आत झाला पाहिजे."

मी मान डोलावली. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. मुलगी दाखवताना तिला नीटनेटके लुगडे नेसवतात, बैल बाजारात नेताना त्याची शिंगे रंगवतात. तसेच हे, असे वाटले.

दिवाळीनंतर एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक सपत्नीक घर पाहायला आले. आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलेले. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हाती आले होते आणि स्वतःचे चार खण असावेत एवढीच इच्छा होती. त्यांनी बैठकीची लांबी पावलांनी मोजली. बाईंनी चुलीची जागा पाहिली, देव्हारा कोठे बसेल ते ठरवले आणि परसात येऊन विहिरीत बादली सोडली. ओंजळीने पाणी पिऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पानी गोड हाय हो." त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले ते मी पाहिले. मी काही बोललो नाही.

एवढेच. एक अक्षर खोटे बोललो नाही. त्यांनी विचारले असते तर कदाचित खरे सांगितलेही असते. पण त्यांनी विचारले नाही, आणि मी गप्प राहिलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाची अब्रू राखण्यापुरती ती शहाणपणाची आहे. घरातील भांडण, मुलाचे अपयश, पोटाची ओढाताण ही चव्हाट्यावर मांडू नयेत, हे योग्यच. परंतु मूठ जोवर आपल्यापाशी आहे तोवरच ही म्हण चालते. तीच मूठ सव्वा लाखाला दुसऱ्याला विकायची झाली, तर ती झाकून ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय? येथे म्हण गप्प बसते आणि विचार सुरू करावा लागतो.

हा विचार फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमन वक्ता सिसेरो याने अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. पुढे संत अँब्रोज यांनी त्याच धर्तीवर आपल्या धर्मसेवकांसाठी पुस्तक रचले, इतका त्याचा मान. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सिसेरो घर विकणाऱ्याचे उदाहरण घेतो. एका सज्जनाला आपले घर विकायचे आहे. ते रोगट आहे, खोल्यांत साप निघतात, लाकूड कच्चे आहे, कधी कोसळेल याचा नेम नाही. आणि हे धन्यावाचून कोणालाच ठाऊक नाही. त्याने गिऱ्हाइकाला न सांगता ते चांगल्या किमतीला विकले, तर तो अन्यायाने वागला काय?

सिसेरो या प्रश्नावर दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभे करतो. बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो की, विकणाऱ्याने कायद्याने सांगितलेले दोष सांगावेत आणि खोटे बोलू नये, एवढे पुरे. घ्यायची सक्ती कोणी केली नव्हती. घेणाऱ्याला डोळे आहेत, बुद्धी आहे. आपल्या मालाचे दोष स्वतःच ओरडून सांगणारा विक्रेता कोणी पाहिला आहे काय? त्याचाच शिष्य अँटिपेटर याला हे मान्य नाही. वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हे अथेन्समध्ये शापाला पात्र मानले जाई. हे तर त्याहून वाईट, कारण येथे माणसाला जाणूनबुजून चुकीच्या वाटेवर जाऊ दिले जाते. सिसेरोने शेवटी निकाल अँटिपेटरच्या बाजूने दिला आहे. त्याचे म्हणणे असे की, गप्प राहणे म्हणजे लपवणे नव्हे हे खरे. पण आपल्याला जे ठाऊक आहे ते आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याला कळू नये अशी इच्छा धरून गप्प राहणे, हे मात्र लपवणेच होय.

याच ग्रंथात एक गोष्ट आहे, ती वाचताना मला माझ्या दलालाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. कॅनियस नावाचा एक रोमन सरदार सिसिलीतील सिराक्यूज शहरी विश्रांतीसाठी गेला. मित्रांना बोलावून चार घटका मजेत घालवता येतील अशी एखादी लहानशी बागवाडी त्याला हवी होती. पिथियस नावाच्या सावकाराने त्याला आपल्या समुद्रकाठच्या वाडीवर जेवायला बोलावले, आणि आदल्या दिवशी कोळ्यांना निरोप धाडला की उद्या सर्वांनी माझ्या वाडीसमोरच मासे धरावेत. पाहुणा आला तो समोर होड्यांची दाटी. एकेक कोळी येतो आणि पिथियसच्या पायाशी मासे ओततो. सगळ्या शहराचे मासे इथलेच, असे यजमानाने सांगितले. कॅनियसने मागेल ती किंमत देऊन सामानासकट वाडी घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन येतो तर समुद्रावर एक वल्हेही दिसेना. आज कोळ्यांचा सण आहे काय, असे त्याने शेजाऱ्याला विचारले. शेजारी म्हणाला की इथे कोणी मासे धरतच नाही. काल काय झाले याचेच आम्हाला नवल वाटले. अशा कपटाविरुद्ध दाद मागण्याची सोय तेव्हा रोमन कायद्यात झालेली नव्हती. कॅनियस चरफडला आणि गप्प बसला.

पिथियसने कोळी भाड्याने आणले. मी पावसाळा आणला, एवढाच फरक. पिथियसला निदान काही खटपट करावी लागली. माझे काम कार्तिकाने फुकट केले होते.

मध्ययुगात संत थॉमस अक्विनास यांनी हाच प्रश्न आपल्या मोठ्या ग्रंथात हाती घेतला. विकणाऱ्याने वस्तूतील दोष सांगितलाच पाहिजे काय, असे त्यांनी सरळ विचारले आहे, आणि उत्तर देताना कोणत्याही बाजूचा अतिरेक केलेला नाही. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि विकणाऱ्याने त्या मानाने किंमत कमी केली असेल, तर तो दोष बोलून दाखवण्याची सक्ती नाही. परंतु दोष आतला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल, तर सांगणे हे न्यायाचे कर्तव्य होय. मोडकळीस आलेले घर भक्कम म्हणून विकणे, हे त्यांनीच दिलेले एक उदाहरण.

त्याच ठिकाणी त्यांनी एक व्यवहारी शंका घेतली आहे. दोषांची दवंडी पिटली तर गिऱ्हाईक दारातच येणार नाही, मग माणसाने विकावे कसे? त्यावर ते म्हणतात की दवंडी पिटण्याची गरज नाही. दवंडीने लोक बिचकतील आणि वस्तूचे जे चांगले गुण आहेत तेही त्यांना कळणार नाहीत. मात्र जो घ्यायला म्हणून जवळ येईल त्याला प्रत्येकाला सांगावे. म्हणजे गुण आणि दोष दोन्ही पारड्यांत घालून त्याला तोलता येईल. हे वाचून माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. 'घर विकणे आहे' या पाटीवर भेग आणि खारे पाणी लिहिण्याचे बंधन माझ्यावर नव्हते. पण ती बाई विहिरीच्या कठड्याशी ओंजळ धरून उभी होती तेव्हा ती दवंडी ऐकणाऱ्या गर्दीतील कोणी अनोळखी व्यक्ती नव्हती. ती माझ्या अंगणात होती.

आपला देशी कायदाही या बाबतीत मुका नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम विकणाऱ्यावर पहिलेच कर्तव्य घालते ते हे की, मालमत्तेत किंवा तिच्या मालकी हक्कात जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे, पण घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नाही, तो त्याने उघड केला पाहिजे. तसे न करणे म्हणजे फसवणूक, असे ते कलम पुढे स्पष्ट म्हणते. नोव्हेंबरात विहिरीचे पाणी पिऊन पाहणाऱ्या बाईने साधारण काळजी घेतलीच होती. मे महिन्यातील पाणी नोव्हेंबरात पिऊन पाहता येत नाही. नव्या इमारतींच्या बाबतीत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बांधकामातील दोषांची पाच वर्षांची जबाबदारी विकासकावर टाकली आहे. आमच्यासारख्या जुन्या घराच्या मालकाच्या मागे तसे कोणी नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात चतुःसीमा वाचून दाखवतात, साक्षीदारांच्या सह्या घेतात; पाणी चाखून पाहत नाहीत.

मग घर विकण्यापूर्वी ठीकठाक करूच नये काय? असे म्हणणे म्हणजे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराला लागलेल्या बुरशीविषयी नियम आहेत. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले की घरमालकाने स्वतः जाऊन याजकाला सांगायचे. याजक येण्यापूर्वी घर रिकामे करायचे, म्हणजे आतील सामान अशुद्ध ठरून नाहक वाया जाऊ नये. मग खराब दगड काढायचे, भिंती खरवडायच्या, नवे दगड आणि नवा गिलावा घालायचा. एवढे करूनही चट्टे पुन्हा उठले, तर मात्र घर पाडायचे. या नियमांत मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, सांगण्याचा आरंभ धन्याने करायचा आहे. दुसरी ही की, नियम धन्याला बुडवू पाहत नाही. त्याचे भांडीकुंडी वाचवण्याची सवड तो देतो आणि दुरुस्तीची संधीही देतो. येथे गिलावा आहे, पण तो खरवडल्यानंतरचा आहे. उलट यहेज्केल संदेष्ट्याच्या तेराव्या अध्यायात जी कच्ची भिंत आहे, तिला नुसताच चुना फासलेला आहे. पाऊस आणि गारा येताच ती कोसळते. चुना दोन्हीकडे तोच. एकीकडे तो दुरुस्तीच्या शेवटी येतो, दुसरीकडे दुरुस्तीच्या ऐवजी येतो.

यावरून मी माझ्यापुरती एक साधी कसोटी ठरवली. घर सजवताना जे काम घेणाऱ्याच्या देखत करता येईल, ती डागडुजी. जे त्याच्या पाठीमागेच करावे लागते, ते कपट. कवेलू बदलताना, मोरी साफ करताना, गवत उपटताना तो वाहक शेजारी उभा असता तरी मला संकोच वाटला नसता. भेगेत पुट्टी भरताना तो आला असता, तर माझा हात थबकला असता. आणि 'तुम्हाला दिवाळीतच का बोलावले' हे तर मी त्याला कधीच सांगू शकलो नसतो. या कसोटीला शास्त्र लागत नाही, वकील लागत नाही. आपला हात कोठे थबकतो ते पाहिले म्हणजे झाले.

इतके उमगल्यावर पुढचे सोपे असायला हवे होते. ते तसे नव्हते, कारण घर माझ्या एकट्याचे नव्हते. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही. आईवडिलांमागे आम्हा तिघांचे त्यात सारखे हिस्से होते. धाकटा भाऊ पुण्यात बऱ्या नोकरीत आहे. मला निवृत्तिवेतन मिळते. पण अमरावतीची बहीण विधवा, मुलगा अजून शिकतो आहे, आणि या पैशांवर तिने त्याच्या फीचा हिशेब मांडलेला. मी खरे सांगितले की किंमत उतरणार, आणि त्या उतरलेल्या किमतीतील तिसरा हिस्सा तिच्या ताटातून जाणार. स्वतःच्या पैशाने प्रामाणिक होणे अवघड असले तरी शक्य आहे. दुसऱ्याच्या पैशाने प्रामाणिक होण्याचा अधिकार मला कोणी दिला?

भावाने फोनवर हेच सुनावले. "दादा, तुझ्या सचोटीचे बिल तू ताईच्या नावावर फाडतो आहेस." त्याचे बोलणे कठोर होते, पण खोटे नव्हते. बऱ्याच वेळा आपण धर्म पाळतो आणि त्याची किंमत घरातील दुबळ्या माणसाला मोजायला लावतो. म्हणून मी ठरवले की, किंमत जेवढी उतरेल तेवढी माझ्या हिश्शातून जाईल. तिचा हिस्सा पहिल्या भावाप्रमाणेच तिला मिळेल. मग अमरावतीला जाऊन मी तिला सगळे सांगितले. तिने मध्येच विचारले, "दादा, त्या बाईचं वय काय असेल?" पन्नाशीच्या पुढचे असेल, मी म्हणालो. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी पंधरा वर्षांची होते, तरी उन्हाळ्यात ते पाणी आणताना मान दुखायची. सांगून टाक." माझ्या हिश्शातून भरपाई घ्यायला ती तयार होईना. शेवटी निम्म्यावर तडजोड झाली.

मी मात्र तिच्याकडून एक गोष्ट शिकलो. सिसेरो आणि अक्विनास वाचून मला जे दिसले ते न्यायाचे तत्त्व होते. तिला डोक्यावर घागर घेतलेली एक बाई दिसली. जो दोष आपण लपवतो तो भिंतीत किंवा विहिरीत राहत नाही. तो कोणाच्या तरी मानेवर, कोणाच्या तरी झोपेवर जाऊन बसतो. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण लहानपणापासून पाठ करतो. आपल्यामागे त्याच घरात राहायला येणारा माणूस हाही आपला शेजारीच, फक्त तो आपल्यानंतर येतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

मी वाहकांच्या खोलीवर जाऊन त्यांना भेग आणि पाणी, दोन्ही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा दिला. बाई म्हणाल्या, "बरं झालं सर, सांगितलं." त्यानंतर ते परत आले नाहीत. मला वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. दलालांनीही आमच्या घराकडे पाठ फिरवली. त्यांच्या मेहनतीवर मी पाणी ओतले होते आणि त्यांचा राग मला समजत होता. घर आणखी एक उन्हाळा तसेच राहिले. वैशाखात भेग पुन्हा बोटभर झाली.

पुढच्या वर्षी एक व्यापारी आला. त्याला सोयाबीन आणि कापूस ठेवायला गोदाम बांधायचे होते. मी भेग दाखवली तर तो हसला. घर त्याला पाडायचेच होते. पाण्याचे सांगितले तर म्हणाला, गोदामाला तहान लागत नाही. एकासाठी जो दोष तो दुसऱ्यासाठी दोष नसतो, हेही अक्विनास यांनी लिहून ठेवले आहे. किंमत मात्र जागेचीच मिळाली, घराची नाही. वाहकांशी बोललो होतो त्यापेक्षा ती सुमारे चौथाईने कमी होती.

येथे प्रामाणिकपणाचा विजय झाला, असे लिहून लेख संपवता आला असता. पण तसे झाले नाही. ज्या बैठकीत मिस्सा होत असे तिच्यावर पहारी चालल्या. भाऊ अजून म्हणतो, "त्या वाहकाला दिले असते तर निदान घर उभे राहिले असते, संध्याकाळी कोणीतरी तिथे दिवा लावला असता." या बोलण्याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. सत्य सांगितल्याने आमचे पैसे गेले आणि घरही गेले. न्यायाने वागणे फायद्याचे असते, असे कोणी सांगू लागले की मला आता त्या रिकाम्या झालेल्या जोत्याची आठवण होते. ते फायद्याचे असते म्हणून करायचे नसते.

आपल्यापैकी कोणी असे घर पूर्वीच विकून मोकळे झाले असेल, आणि हे वाचताना त्याला एखादी भिंत आठवत असेल, तर त्याच्यासाठी शेवटचे दोन शब्द. सिसेरोच्याच ग्रंथात आणखी एका विक्रीची हकीकत आहे. घराचा भाग पाडण्याचा हुकूम झाल्याचे लपवून एकाने घर विकले. पुढे तोच हुकूम घेणाऱ्यावर बजावला गेला. निवाडा करणाऱ्या केटोने ठरवले की, दोष ठाऊक असून जो बोलला नाही त्याने घेणाऱ्याचे नुकसान भरून द्यावे. आपली श्रद्धाही याहून वेगळे सांगत नाही. पापनिवेदनात पाप सांगितले म्हणजे क्षमा मिळते. पण दुसऱ्याचे जे आपल्याकडे राहिले ते परत करण्याचे कर्तव्य क्षमेने संपत नाही. जक्कयाने प्रभूला घरी घेतले तेव्हा त्याने नुसता पश्चात्ताप व्यक्त केला नाही. लुबाडलेले चौपट परत करण्याचा शब्द दिला. सगळे परत करता आले नाही, तरी निदान भिंत दुरुस्त करून देता येते, उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीचा खर्च उचलता येतो. उशिरा सांगणे हे न सांगण्यापेक्षा कधीही बरे.

मध्यंतरी शेगावला जाणे झाले तेव्हा वाट वाकडी करून मी त्या जागेवर गेलो. गोदामाच्या भिंती वर आल्या होत्या. विहीर अजून होती. बांधकामाला लागते म्हणून व्यापाऱ्याने ती बुजवली नव्हती. एप्रिलचे दिवस. आत डोकावलो. पाणी तळाला होते. ओंजळभर काढून तोंडात घेतले. तेच, लहानपणीचे खारे पाणी. ते वाहक आणि त्यांची बाई आता कोठे राहतात, त्यांना घर मिळाले की नाही, मिळाले असेल तर तिथले पाणी कसे आहे, यातले मला काहीच कळलेले नाही. एवढे मात्र खरे की उन्हाळा आला की मी आता कोणाच्या घागरीचा हिशेब करीत बसत नाही, आणि मला झोप लागते.